‘कपहेड’ फार कठीण आहे का?



‘कपहेड’वरून परवा चहाच्या वेळी आम्हा पालकांत चांगलीच जुंपली. एक जण म्हणाले, हा खेळ नव्हे, शिक्षा आहे!

खेळ आपल्याच ओंटारिओतला, ओकव्हिलच्या स्टुडिओ एमडीएचआरने २०१७ साली काढलेला. त्यासाठी चॅड आणि जॅरेड मोल्डनहॉवर या भावांनी घरे पुन्हा गहाण टाकली. चित्रे १९३० च्या सुमाराच्या कार्टूनांसारखी, कागदावर हाताने काढलेली, सेकंदाला २४. जन्म संगणकापुढे घालवलेल्या मला तर हे वेडच वाटते. (हेवाही वाटतो.) कथा आपल्या ओळखीची. धर्मराज फाशांवर राज्य हरला, इथे कपाच्या डोक्याचे दोघे भाऊ सैतानाकडे आपले आत्मेच हरतात.

‘सिंपल’ प्रकारात लढाई सोपी होते, पण करारपत्र मिळत नाही आणि सगळी करारपत्रे जमवल्याशिवाय शेवट गाठता येत नाही. लहानांवर हा अन्याय आहे, असे मीही म्हणत असे. आता म्हणत नाही. हरल्यावर पडद्यावर एक रेघ येते. जिंकायला किती थोडे राहिले होते, ते ती दाखवते. आमची कन्या हरूनही ओरडते, “बाबा, आलंच होतं!” आणि पुन्हा बसते.

शुद्धलेखनाच्या वहीत मात्र नुसत्या लाल फुल्या. ‘उज्ज्वल’ तिने आधी ‘उजवल’ लिहिले होते, गेल्या शनिवारी ‘उज्वल’. एकच ज राहिला होता, तरी मी फुली मारून मोकळा झालो. या शनिवारी समासात रेघ काढून बघणार आहे.