काजलभाई, नाच्या आणि ललित साळवे: विनोदी मालिकांनी एका टोपलीत काय काय भरलं?

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या एका महिला पोलीस शिपायाने 2017 मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्याने आधी नकार दिला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि 2018 मध्ये सरकारने परवानगी दिल्यावर शस्त्रक्रिया सुरू झाल्या. ललिता साळवे यांचे ललित साळवे झाले. पुढे त्यांनी लग्नही केलं.

ही बातमी समलैंगिकतेची नव्हती. आपण पुरुष की स्त्री, हा एक प्रश्न. आपलं प्रेम कुणावर, हा दुसरा. पण रोजच्या बोलण्यात आपण गे, तृतीयपंथी, लिंगबदल केलेली व्यक्ती आणि साडी नेसून नाचणारा नट, सगळे एकाच टोपलीत टाकतो. ही टोपली विणण्यात जुन्या विनोदी मालिकांचा हात मोठा आहे.

'हम पाँच' आठवा. 1995 मध्ये झी टीव्हीवर सुरू झालेल्या या मालिकेत पाच मुलींचे वैतागलेले वडील होते आपले अशोक सराफ, आणि फोटोच्या चौकटीतून बोलणारी दिवंगत बायको होती प्रिया तेंडुलकर. पाचांपैकी काजल म्हणजे 'काजलभाई': पँट-शर्ट, टपोरी भाषा, हाणामारीला कायम तयार. मालिकेने तिला समलैंगिक म्हटलं नाही, ट्रान्स तर नाहीच. पण घराने तिला तशीच ठेवून घेतली होती. हशा तिच्या भाईगिरीवर पिकायचा, ती अशी का आहे यावर नाही.

मुलग्याच्या वाट्याला ही सवलत आली नाही. 'कॉमेडी नाइट्स विथ कपिल'मधली दादी आणि गुत्थी, 'चला हवा येऊ द्या'मधली लुगड्यातली पात्रं यांच्या आधीपासून बायकी पुरुष हाच आपल्याकडे विनोद होता. पुरुषाने स्त्री रंगवणं वाईट नाही, बालगंधर्वांना तर आपण डोक्यावर घेतलं. पण तमाशापटांत नाच्या रंगवणाऱ्या गणपत पाटलांना लोकांनी प्रत्यक्षातही तसंच मानलं. बायकामुलांचा संसार असलेल्या या नटाला आणि त्याच्या घरच्यांना टोमणे सोसावे लागले. मर्दानी मुलगी धीट, बायकी मुलगा हास्यास्पद, असा हा हिशोब आहे. त्यात स्त्रीपणाच कमी दर्जाचा ठरतो, हे सहसा कुणी बोलत नाही.

अमेरिकेतही सुरुवात फार वेगळी नव्हती. 1977 च्या 'सोप'मध्ये जोडी डॅलस हे उघडपणे गे असलेलं पात्र होतं, आणि सुरुवातीच्या भागांत ते फुटबॉलपटू प्रियकरासाठी लिंगबदल करायला निघतं! म्हणजे टोपली तिथेही तीच. त्याआधी, 1971 मध्ये, 'ऑल इन द फॅमिली'ने मात्र हुशारी केली होती. आर्ची बंकर एका नाजूक तरुणाला गे म्हणून हिणवतो, आणि गे निघतो त्याचाच धिप्पाड खेळाडू मित्र. तिथे लोक हसले ते आर्चीला. आपल्या विनोदी मालिकांत अशा आर्चीची फजिती क्वचितच झाली. 2010 च्या 'मर्यादा'ने गे नवऱ्याची गोष्ट सांगितली, पण ती कौटुंबिक मालिका होती.

टोपली एकच राहिली की नुकसान काय होतं, ते कायद्यात दिसतं. ट्रान्स व्यक्तींच्या लिंग-ओळखीला सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच मान्यता दिली होती. समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून बाहेर यायला 6 सप्टेंबर 2018 उजाडला, म्हणजे साळवेंची पहिली शस्त्रक्रिया होऊन काही महिने झाले होते. ऑक्टोबर 2023 च्या निकालात न्यायालयाने ट्रान्स पुरुष आणि स्त्री यांचं लग्न सध्याच्या कायद्यांत बसतं असं सांगितलं, समलैंगिक जोडप्यांना मात्र तो हक्क दिला नाही. त्यामुळे साळवेंचं लग्न कायद्याने होऊ शकतं. त्याच माजलगावातल्या दोन बायकांना एकमेकींशी लग्न करायचं असेल, तर नोंदणी कार्यालयात त्यांच्यासाठी अर्जच नाही.