ओवाळणीत लांडगे

गेल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेहून सूनबाईंचा फोन आला. सूनबाई म्हणजे आमच्या पुतण्याची बायको. तिकडे पाडव्याची संध्याकाळ उरकत होती. फोन आमच्या हिने घेतला आणि दोन मिनिटांत माझ्या हाती दिला.

"तुम्हीच बोला. मला काही उमजत नाही. तुमच्या दिवट्याने तिला ओवाळणीत लांडगे घातलेत म्हणे!"

लांडगे म्हणजे लांडग्यांच्या एका जोडीचा फोटो आणि तिच्या नावाचे एक छापील प्रमाणपत्र. नष्ट होत चाललेल्या लांडग्यांना जपणारी, त्यांची वीण वाढवणारी काही केंद्रे तिकडे आहेत. त्यातले एक सेंट लुईस शहराजवळ १९७१ साली मार्लिन पर्किन्स आणि त्यांच्या पत्नी कॅरोल यांनी काढले. अशा केंद्राला वर्गणी दिली की एखादे जनावर तुमच्या नावावर 'दत्तक' होते. घरी आणायचे नाही, कुरवाळायचे नाही. पैसे त्याच्या खाण्याला, औषधाला, कुंपणाला जातात. पुतण्याने जोडीची वर्गणी भरली होती. लांडगा जन्मभर एकाच जोडीदाराशी राहतो, असे त्याने कुठेसे वाचले होते. नवऱ्याने बायकोला द्यायला याहून चांगली खूण कोणती?

"काका, मी तबक घेऊन उभी, आणि ह्यानं पाकीट टाकलं. मला वाटलं, कानातल्यांची पावती असेल!"

मी पुतण्याची बाजू घेतली नाही. एका पाडव्याला मी हिला विजेची इस्त्री दिली होती. त्या इस्त्रीचा उल्लेख आमच्या घरात अजून होतो.

पुढे जूनमध्ये आम्ही दोघे त्यांच्याकडे गेलो, आणि एका रविवारी लेकीच्या सासरी निघाल्यासारखे चौघे मिळून त्या लांडग्यांना भेटायला गेलो. भेट कसली! उंच जाळीचे कुंपण, आत झाडी, आणि फार वेळ काहीच नाही. रानात सोडायच्या जनावरांना माणसाची सवय लागू नये म्हणून त्यांना लांबच ठेवतात. अखेर झाडीतून एक करडे-तांबूस अंग सरकले. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या कुत्र्याएवढेच. त्याच्यामागून दुसरे. दोघांनी आमच्याकडे क्षणभर पाहिले आणि पाठ फिरवली. वर्गणीदारांची ओळख त्यांनी काही दाखवली नाही.

केंद्रातल्या बाईंनी मात्र पुष्कळ सांगितले. हे मेक्सिकन लांडगे. १९१५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने लांडग्यांसारखी जनावरे मारण्यासाठी पैसे मंजूर केले, आणि सरकारचे पगारी शिकारी सापळे आणि विष घेऊन हिंडू लागले. काम इतके चोख झाले, की १९७६ साली त्याच सरकारला या लांडग्याचे नाव संरक्षित प्राण्यांच्या यादीत घालावे लागले. मग १९७७ ते १९८० या काळात मेक्सिकोच्या रानातून पाच लांडगे जिवंत पकडून आणले. त्यात मादी एकच. आधीपासून बंदिवासात असलेल्या आणखी दोन घराण्यांची पुढे त्यात भर पडली. आज जगात जेवढे मेक्सिकन लांडगे आहेत, ते सारे मिळून सात पूर्वजांचे वंशज!

म्हणजे सगळेच सगोत्र. मग जोड्या लावायच्या कशा? तर प्रत्येक जनावराला नंबर आहे, आईबापांची नोंद आहे, मोठी वंशावळ आहे. तज्ज्ञ मंडळी ती पुढ्यात घेऊन बसतात आणि त्यातल्या त्यात लांबचे नाते कोणाचे, ते काढतात. मुलगा एका गावचा, मुलगी हजार मैलांवरची. पसंती-नापसंती पुढचे पुढे. आमच्या हिला हे फार आवडले. "म्हणजे पत्रिका बघूनच की! आणि हा म्हणे प्रेमाची खूण!"

माजाचे दिवस फेब्रुवारीच्या सुमाराचे, म्हणजे तिकडच्या प्रेमदिनाच्याच. त्यानंतर त्रेसष्ट दिवसांनी पिल्ले. रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे तरी काय, आई, बाप, या वर्षीची पोरे आणि मागल्या वर्षीची पोरे. एकत्र कुटुंबच. जन्माच्या सोबतीचेही बाईंनी नीट सांगितले: सहसा मरेपर्यंत, पण एक गेला तर दुसरा नवा जोडीदार पाहतो.

"आमच्या जोडीला यंदा?" सूनबाईंनी विचारले.

"यंदाही नाहीत."

परत येताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. पुतण्याच्या लग्नाला नऊ वर्षे झाली आहेत, आणि घरात दोघेच आहेत.

सप्टेंबरात आम्ही इकडे परतल्यावर त्यांना केंद्राचे पत्र आले. मादीला दुसऱ्या राज्यातल्या केंद्रात पाठवणार, तिथे तिला नवा नर. इथल्या नरासाठी दुसरी मादी येणार. सूनबाईंनी तेव्हा फोन केला तो मलाच.

"काका, मूल झालं नाही म्हणून आपल्याकडेही बायकांना असंच माहेरी पाठवत ना?"

मी सात पूर्वजांचे गणित सांगायला लागलो. २०२४ अखेरच्या गणतीत अमेरिकेच्या रानात किमान २८६ लांडगे मोजले गेले, १९९८ साली सोडले तेव्हा अवघे अकरा होते, हेही सांगितले. सगळे खरे होते. पण निम्म्यावर माझे मलाच ते ऐकवेना, आणि मी गप्प झालो.

मागून पुतण्याचा आवाज आला. "अगं, तिला टाकलेली नाही. तिच्या रक्ताची फार थोडी उरलीत, म्हणून मागून घेतलीय तिला."

"आणि तो? त्याला कोणी विचारलं?"

यावर पुतण्या काही बोलला नाही. बराच वेळ फोन नुसता चालू राहिला.

परवा पुन्हा त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, या पाडव्याला पाकिटं दोन. एक इथल्या केंद्राचं, एक ती गेली त्या केंद्राचं. हिनंच सांगितलंय. दोघांचीही खबर येत राहिली पाहिजे म्हणते."

तेवढ्यात मागून सूनबाई ओरडल्या, "आणि तिसऱ्या पाकिटात कानातल्यांची पावती! काकूंना सांगा!"