बाटलीतला वायू आणि टाकीतला वायू



परवा शिवारफेरीत आमच्या गटातल्या एका सभासदाच्या पॉलीहाऊसात आम्ही डोकावलो. दहा गुंठ्यांत ढोबळी मिरची, आणि वर तारेला वीसेक प्लॅस्टिकच्या बाटल्या टांगलेल्या. बाटलीत साखरेचं पाणी आणि चिमूटभर यीस्ट, बुचाला भोक. हे काय म्हणून विचारलं, तर पोरगा म्हणाला, "काका, झाडाला कर्बवायू पाजतोय. मोबाईलवर बघितलंय, उतारा वाढतो."

पोराची हौस खोटी नाही, आणि शास्त्रही खोटं नाही. यीस्ट साखर खातं आणि दारू व कर्बवायू सोडतं. एक किलो साखर पुरती आंबली की साधारण अर्धा किलो दारू आणि अर्धा किलो वायू निघतो. मिरची, टोमॅटो, काकडी, गुलाब या पिकांना हवेतला वायू कमी पडतो. हवेच्या दहा लाख भागांत तो आज सव्वाचारशे भागांच्या आसपास आहे. बंद काचगृहात तो हजारापर्यंत नेला तर या पिकांची वाढ चांगली होते. पण उसाचं तसं नाही. उसाच्या पानात वायू ओढून एकवटण्याची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. ही गोष्ट जगाला कळली तीच मुळी उसामुळे. १९६५ साली हवाईत कॉर्टशाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, व १९६६ साली ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी उसाच्याच पानावर ती दाखवली. तेव्हा उसाच्या बांधावर कोणी बाटल्या टांगू नयेत!

आता मिरचीचा हिशेब मांडू. दहा गुंठे म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर. उंची पाच मीटर धरली तर आत पाच हजार घनमीटर हवा. तिच्यातला वायू हजार भागांवर न्यायला एका वेळी पाच किलोच्या वर वायू लागतो, म्हणजे दहा किलो साखरेचा. पोराच्या वीस बाटल्यांत मिळून साखर चार किलो. तिचा वायू फार तर दोन किलो, तोही आठ-दहा दिवसांत थोडा थोडा निघणार. आणि आपल्याकडे ऊन चढलं की पॉलीहाऊसचे पडदे वर करावेच लागतात, नाहीतर पीक होरपळतं. पडदे उघडले की वायू गेला वाऱ्यावर. घरातल्या कुंड्यांचीही तीच गत. एक माणूस दिवसभरात श्वासावाटे किलोभर वायू सोडतो, म्हणजे दोन किलो साखरेइतका. घरात चार माणसं असताना कुंडीपाशी बाटली कशाला? कुंडी खिडकीजवळ उजेडात सरकवा, तिला त्याचा जास्त उपयोग.

आमचं खरं म्हणणं पुढेच आहे. ज्या वायूसाठी आमची पोरं पदरची साखर भिजत घालतात, तोच वायू आसवनीच्या टाक्यांतून आभाळात जातो. एक लिटर अल्कोहोलमागे पाऊण किलो वायू निघतो. दिवसाला तीस हजार लिटरची आसवनी धरली तर रोज बावीस टन! मळी सभासदांच्या उसाची, तेव्हा हा वायूही सभासदांचाच. नेदरलंड्समध्ये २००५ पासून रॉटरडॅम बंदरातल्या कारखान्याचा वायू तेलाच्या जुन्या नळातून काचगृहांना पुरवतात. पुढे इथेनॉल कारखान्याचा वायूही त्यात आला. तो मुलुख थंड, काचगृहं बराच काळ बंद, म्हणून त्यांना ते परवडतं. आपण त्यांची नक्कल करावी असं आम्ही म्हणत नाही. पण हा वायू गोळा करून, शुद्ध करून, दाबाखाली भरला की सोड्याला चालतो, सुक्या बर्फाला चालतो. त्याचे चार पैसे ऊसदरात का मिळू नयेत?

म्हणून संचालक मंडळाकडे मागणी आहे, टीका नव्हे. किती वायू निघतो, यंत्रसामग्रीला खर्च किती, गिऱ्हाईक कुठे, याचा आकडेवार तक्ता येत्या वार्षिक सभेपुढे ठेवावा. परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगावं, आम्ही ऐकून घेऊ. आणि शेतकी खात्याने एखाद्या बंद रोपगृहात, थंडीच्या सकाळी, पडदे उघडण्याआधी या वायूचा प्रयोग करून पाहावा. अर्धं रोपगृह वायूवर, अर्धं वायूविना. मग उताराच काय ते बोलेल.

एक इशारा मात्र आजच. हा वायू हवेच्या दीडपट जड. तो टाकीत, खड्ड्यात, बंद खोलीत तळाशी साचतो. दिसत नाही, वास येत नाही. शंभरात दहा भाग झाला की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. तेव्हा आंबवणाच्या टाकीत, ती रिकामी दिसली तरी, हवा तपासल्याशिवाय कोणी उतरू नये. घरातही बंद खोलीत आंबवणाची पिंपं भरून ठेवू नयेत.

त्या पोराला आम्ही एवढंच सांगितलं, "बाळा, बाटल्या उतरव. साखर चहाला ठेव, आणि सभेला ये. तुझा प्रश्न तिथे विचारायचा आहे."