सुई जप्त, विषाणू मोकळा

‘गर्दुल्ल्यांवर कारवाई, सिरिंज जप्त’ अशी बातमी आली की मुंब्रा-शीळफाटा पट्ट्यातल्या रहिवाशांना हायसं वाटतं. साहजिक आहे. उड्डाणपुलाखालून मुलांना शाळेत नेणाऱ्या आईला रस्ता निर्धोक हवाच. पण सिरिंजसोबत तलफ जप्त होत नाही. टर्की लागली, म्हणजे नशा न मिळाल्याने अंग मोडून यायला लागलं, की तो माणूस शेजारच्याची सुई मागून घेतो. एचआयव्ही पसरतो तो इथे.

शीर सापडली का, हे पाहायला टोचणारा दट्ट्या जरासा मागे ओढतो. नळीत रक्त उतरतं. मग दट्ट्या पूर्ण दाबला तरी सुईच्या बुडाशी रक्ताचा अंश उरतोच आणि पुढच्याच्या शिरेत तो थेट जातो. वापरलेल्या सिरिंजमध्ये हा विषाणू, तापमानानुसार, 42 दिवसांपर्यंत तग धरू शकतो. नुसतं पाण्यानं विसळून भागत नाही. एकाच झाकणात पूड विरघळवली, एकच कापूस वापरला तरी धोका आहे, आणि हिपॅटायटिस सी तर याहून सहज पसरतो. देशातल्या प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 0.2 टक्क्यांच्या आसपास. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये ते 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे 9 टक्के निघालं. या माणसांना बायका आहेत, पोरंबाळं आहेत.

सुया हिसकावल्याची किंमत स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहराने मोजली आहे. 1980 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथे पोलिसांनी जप्तीचा सपाटा लावला, दुकानदारांनी विक्री थांबवली. 1986 साली तिथल्या एका दवाखान्यातल्या हेरॉइन घेणाऱ्या रुग्णांच्या तपासणीचे निष्कर्ष छापून आले : निम्म्याहून अधिक बाधित. तासाभराच्या अंतरावरच्या ग्लासगोत प्रमाण कितीतरी कमी होतं. तिथे सुया मिळत होत्या.

आपला कायदा याबाबत स्वच्छ आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याच्या कलम 22 मध्ये उदाहरणच दिलंय : नोंदणीकृत अदलाबदल कार्यक्रमात जुनी सुई घेऊन नवी देणारा कार्यकर्ताही गुन्हेगार ठरत नाही आणि ती घेणाराही नाही. ‘नॅको’ या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा कार्यक्रमही हेच करतो. सुई सोडू पाहणाऱ्याला तिथे तलफ शमवणारी, जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मोफत मिळते. मुंबईत ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’ने रस्त्यावर राहणाऱ्यांमध्ये हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. सुया वाटल्याने नशेला उत्तेजन मिळतं, हा आक्षेप प्रामाणिक असेलही. पण जागतिक आरोग्य संघटनेने 2004 साली उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा त्याला आधार सापडला नाही.

अडचण आहे ती अंतराची. ही गोळी साधारणपणे रोज, केंद्रातल्या कर्मचाऱ्यासमोर घ्यावी लागते. पहाटे गोदामात ट्रक खाली करणारा मजूर दोन रिक्षा बदलून, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून किती दिवस जाईल? आठवडाभरात तो पुन्हा पुलाखाली दिसेल. ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि नवी मुंबई या तिन्ही पालिकांच्या हद्दी शीळफाट्याजवळ एकमेकींना टेकतात. हद्दीवरचा माणूस कुणाच्याच यादीत नसतो, म्हणून इथे राज्य एड्स नियंत्रण संस्थेनेच पुढाकार घ्यायला हवा : चालत जाता येईल असं केंद्र, कामावर जाण्याआधी उघडणारं, तिथेच सुई, गोळी आणि एचआयव्हीची तपासणी. शीळ-डायघर आणि मुंब्रा पोलीस ठाण्यांत कलम 22 गस्तीवरच्या शिपायापर्यंत पोचवावं. आणि मेडिकलवाल्यांना आमची कळकळीची विनंती आहे की, समोरच्याच्या दंडावरचे डाग पाहून पाच-दहा रुपयांची नवी सिरिंज नाकारू नका.