धोरण गादीचे की राज्याचे?

इंद्रायणीकाठच्या इंदुरीचा भुईकोट ही सेनापती दाभाडे घराण्याची खूण. सरकार बदलले की राष्ट्रसंरक्षणाचे धोरण कितपत बदलावे, या प्रश्नाचा विचार करताना या घराण्याचा इतिहास आठवल्यावाचून राहत नाही.

१७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ निवर्तले आणि पेशवाईची वस्त्रे बाजीरावांना मिळाली. आधी घर सावरावे, हे प्रतिनिधींचे मत. उत्तरेकडे चालून जावे, हे बाजीरावांचे. छत्रपती शाहूंनी बाजीरावांचा पक्ष उचलून धरला. धोरण बदलले, पण दरबारात वाद होऊन बदलले; त्यात गैर काही नव्हते. गुजरातच्या चौथाईचा प्रश्न मात्र असा निकालात निघाला नाही. तो प्रांत सेनापती आपल्या अधिकारातला मानीत. १७३० मध्ये चिमाजी अप्पांनी मोगल सुभेदार सरबुलंदखानाशी तेथील चौथाईचा करार केला. सेनापती त्रिंबकराव दाभाडे दुखावले आणि निजामाकडे झुकले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईला एकाच छत्रपतींचे पेशवे व सेनापती समोरासमोर ठाकले, आणि सेनापती रणात पडले.

स्वतंत्र भारताचा अनुभव तुलनेने दिलासा देणारा आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले; १९६६ पर्यंत नेहरू, शास्त्री व इंदिरा गांधी अशा तीन पंतप्रधानांच्या हाताखाली सैन्याच्या पुनर्बांधणीचे काम त्यांनी खंड पडू न देता चालविले. अणुचाचणी १९७४ मध्ये इंदिरा गांधींच्या काळात झाली, तशी १९९८ मध्ये वाजपेयींच्या काळातही झाली. अण्वस्त्रे प्रथम न वापरण्याचे वाजपेयी सरकारचे धोरण २००४ नंतर मनमोहनसिंग सरकारनेही पाळले.

परंतु हे सातत्य बव्हंशी संकेतांवर उभे आहे. राष्ट्रीय सुरक्षेच्या समग्र धोरणाचा मसुदा तयार करण्याचे काम २०१८ मध्ये संरक्षण नियोजन समितीकडे सोपविण्यात आले. तथापि असे धोरण आजवर कोणत्याही सरकारने जनतेपुढे ठेवलेले नाही. लेखी धोरणाने शत्रूला आपले मर्म कळेल, हा आक्षेप टिकणारा नाही. सैन्य कोठे आणि किती, हे गुप्तच राहावे. कशाचे रक्षण करावयाचे आणि कोणत्या क्रमाने, हे सांगण्यास भीती कसली? अण्वस्त्रधोरणाचा सारांश २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याने देश दुबळा झाला नाही.

नव्या सरकारला धोरण बदलण्याचा अधिकार निःसंशय आहे. मात्र काय बदलले व का बदलले, याचा जाब संसदेत देता आला पाहिजे. आणि जे लिहिलेलेच नाही, त्याचा जाब विचारणार तरी कसा?