बोटीवरचं जेवण: पहिली पंगत की दुसरी?

क्रूझचं बुकिंग करताना बाकी सगळ्याची चर्चा होते. तारखा, सुट्ट्या, खिडकीची खोली की बाल्कनीची. मग फॉर्मच्या शेवटी एक छोटा प्रश्न येतो: रात्रीचं जेवण लवकर हवं की उशिरा? तिथे बहुतेक जण काहीतरी टिक करून मोकळे होतात. टूर कंपनीबरोबर जात असाल, तर कधी कधी ती टिक कंपनीच परस्पर करते. तुम्हाला कळतं ते बोटीवर चढल्यावर.

असं होऊ देऊ नका. रोजची संध्याकाळ या एका टिकवर ठरते. मुलं कधी झोपणार, आजोबांची गोळी कधी, शो बघायला मिळणार का, बंदरावरून धावतपळत यायचं की निवांत, सगळं त्यातच आलं.

मोठ्या बोटीवर दोन-तीन हजार माणसं असतात, कधी त्याहूनही जास्त. मुख्य डायनिंग रूममध्ये सगळी एकदम बसू शकत नाहीत. म्हणून दोन पंगती. पहिली साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. टेबल ठरलेलं, वाढणारी माणसंही रोज तीच. इटली-स्पेनच्या बाजूला, भूमध्य समुद्रात फिरणाऱ्या बोटींवर दोन्ही वेळा पुढे सरकतात. तिथे दुसरी पंगत नऊच्या आसपास बसते. काही कंपन्या ‘हवं तेव्हा या’ असा तिसरा पर्यायही देतात. ‘नॉर्वेजियन’ नावाच्या कंपनीच्या बोटींवर तर ठरलेली पंगत नसतेच.

लग्नात पहिल्या पंगतीच्या मागे माणसं उभी राहिली, की आपण दुसऱ्यांदा जिलेबी मागत नाही, इथेही तसंच आहे. पहिल्या पंगतीची टेबलं दुसरी बसायच्या आत आवरावी लागतात. कोणी तुम्हाला उठवत नाही, पण हाताचा वेग कळतो. दुसऱ्या पंगतीला मागे कोणी नसतं. तिथे गप्पा रंगतात, आणि मुलं टेबलावरच पेंगतात.

आता मुद्द्यावर येते. घरचे लोक विचार करताना बोटीचं घड्याळ बघतात. तुम्ही पोटाचं घड्याळ बघा.

महाराष्ट्रातून बरीच कुटुंबं सिंगापूरहून सुटणारी क्रूझ घेतात. तीन-चार रात्रींची असते, दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत बसते. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. म्हणजे तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्या पोटात दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. साडेतीनला तुम्ही घरी काय करता? चहा टाकता. त्या वेळी समोर सूप, मुख्य जेवण आणि गोड असं पूर्ण ताट आलं, तर मुलं दोन घास खातात आणि उरलेलं चिवडत बसतात. मग रात्री दहाला सगळ्यांना भूक लागते.

त्यात पहिला दिवस आणखी विचित्र. बोटीवर चढलं की लोक आधी बुफेकडे धावतात. दोन-अडीचला भरपेट जेवतात. मग सहाला पुन्हा पंगत. म्हणून सिंगापूरच्या क्रूझला माझं मत सरळ आहे. दुसरी पंगत घ्या. तिथले साडेआठ म्हणजे आपले सहा. तेही लवकरच आहे, पण निदान तोंडात घास जातो. सहल इतकी छोटी असते की शरीर नव्या वेळेला सरावेपर्यंत परतीचं विमान येतं.

युरोपात हे सगळं उलटं होतं. उन्हाळ्यात रोमचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथे रात्रीचे नऊ म्हणजे शरीराला मध्यरात्रीनंतरचे साडेबारा. बरोबर आई-वडील असतील, लहान मूल असेल, तर दुसऱ्या पंगतीला जेवायचं सोडा, नुसतं बसणंही अवघड होईल. तिकडे पहिली पंगत घ्या. सहल सात-आठ दिवसांची असेल तर नंतर सरावाल. पण पहिले तीन दिवस काढायचेच आहेत.

अमेरिकेत राहणारी मुलं उन्हाळ्यात आई-वडिलांना बोलावतात आणि सिएटल किंवा व्हँकुव्हरहून अलास्काला नेतात. आई-बाबा येऊन महिना झाला असेल तर वेळेचा प्रश्न उरत नाही. तिथे उजेडाचा प्रश्न आहे. जूनमध्ये अलास्कातल्या जुनोला रात्री दहापर्यंत सूर्य असतो. बोट बंदरात रात्रीपर्यंत थांबणार असेल, तर सहाच्या पंगतीसाठी व्हेल बघायची फेरी सोडू नका. त्या दिवशी बुफेत खा.

हे नीट लक्षात ठेवा. पंगत ठरली म्हणजे तुम्ही तिला बांधले गेलात असं नाही. एखाद्या रात्री गेला नाहीत तर कोणी विचारत नाही, दंडही नसतो. बुफे असतो, पिझ्झा मिळतो. फक्त बुफे रात्री किती वाजता बंद होतो ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

आता घरातल्या माणसांकडे बघा.

आजी-आजोबांना विचारा. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘आमचं काय, आम्हाला काहीही चालेल.’ यावर विश्वास ठेवू नका. ते घरी किती वाजता जेवतात ते आठवा. साडेसातला जेवून साडेनऊला आडवा होणारा माणूस साडेआठच्या पंगतीत दहापर्यंत ताटकळतो. कोणाचा हिरमोड नको म्हणून बोलत नाही, इतकंच. मधुमेह असेल, इन्सुलिन असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. घड्याळ पुढे-मागे झालं की औषध कसं घ्यायचं? आणि दुपारच्या व रात्रीच्या जेवणात मोठं अंतर पडलं तर मध्ये काय खायचं? हे विचारायचं राहून जातं आणि मग बोटीवरच्या डॉक्टरकडे जावं लागतं. तो फुकट नसतो.

घरात सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम पाळणारं कोणी असेल, तर विचार करायलाच नको. सिंगापुरात वर्षभर सातच्या आसपास सूर्य मावळतो. पहिल्या पंगतीत जमतं, दुसरीत नाही. मग वर सांगितलेलं पोटाचं गणित बाजूला ठेवा. नियमवाल्यांची सोय आधी, बाकीच्यांनी दुपारी बेतानं खावं. संकष्टी सहलीतच येत असेल तर मात्र दोन्ही पंगती कामाच्या नाहीत. चंद्र बहुतेक वेळा दुसऱ्या पंगतीच्याही नंतर उगवतो, आणि आपल्या कालनिर्णयातली वेळ तिथे लागू पडत नाही. त्या दिवशी खोलीवरच काही मागवता येईल का ते विचारून ठेवा.

मुलांचं वेगळं आहे. पंगतीचं जेवण दीड ते दोन तास चालतं. आधी सूप, मग मुख्य पदार्थ, मग गोड, आणि मध्ये वाट बघणं. पाच वर्षांचं मूल एवढा वेळ बसणार नाही. टेबलाखाली जाईल. बसल्याबसल्या वेटरला सांगा, ‘मुलांचं आधी आणा.’ ते आनंदानं आणतात.

बऱ्याच बोटींवर मुलांसाठी खेळघर असतं. साधारण तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला असेल, तर मुलाला घेतात. रॉयल कॅरिबियन आणि डिस्नीच्या बोटींवर मुलांना लवकर जेवायला घालून थेट टेबलावरून खेळघरात न्यायची सोय केलेली असते. ती तुमच्या बोटीवर आहे का, कोणत्या पंगतीला आहे, बुकिंगच्या वेळीच विचारा. असेल तर सूनबाईलाही एक जेवण गरम खायला मिळेल. आपल्याकडे ते फार कमी वेळा घडतं.

दुसरी पंगत घेतलीत आणि मुलं लहान आहेत, तर पाच वाजता त्यांना थोडं खायला द्या. थोडंच. एक पोळीभर. पिझ्झ्याचे तीन तुकडे दिलेत तर जेवणाला सुट्टी.

शोचंही बघा. नाटक, गाणी, कसरती, असे शो रात्री बहुधा दोनदा होतात आणि ते पंगतींच्या उलट्या वेळेला लावलेले असतात. पहिल्या पंगतीवाल्यांना जेवणानंतरचा शो, दुसऱ्या पंगतीवाल्यांना जेवणाआधीचा. म्हणजे लवकर जेवलात तर शो उशिरा. बाबांना नऊच्या शोला खुर्चीत झोप लागत असेल, तर दुसरी पंगत आणि आधीचा शो हा मेळ चांगला बसतो. हे लोकांच्या लक्षातच येत नाही. लवकर जेवण म्हणजे लवकर झोप, असं धरून चालतात.

बंदराच्या दिवसांची यादी काढा. कोणत्या दिवशी बोट कुठे थांबते आणि किती वाजता सुटते, ते तिकिटासोबत मिळतं. ती यादी आणि पंगत शेजारी-शेजारी ठेवून बघा. रोमचं उदाहरण घ्या. बोट रोमला लागत नाही, चिविताव्हेकियाला लागते. तिथून रोम रेल्वेनं तासाभरावर. दिवसभर उन्हात कोलोसियम बघून सहाला बोटीवर चढलात आणि पंगत साडेसहाची असेल, तर आंघोळीला वेळ नाही. सँटोरिनीला छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर जायचं आणि वर गावातून खाली यायला केबल कारची रांग. संध्याकाळी ती रांग लांबते. असे दिवस सहलीत जास्त असतील आणि मंडळी धडधाकट असतील, तर दुसरी पंगत बरी. वयस्कर माणसं असतील तर पहिलीच ठेवा आणि असे एक-दोन दिवस बुफेवर काढा.

घड्याळाबद्दल आणखी एक. बोटीची स्वतःची वेळ असते. फुकेत सिंगापूरपेक्षा तासभर मागे आहे. तिथे उतरलात की मोबाइल आपोआप फुकेतची वेळ दाखवतो, बोट कदाचित सिंगापूरच्याच वेळेवर चालत असते. यात पंगत चुकली तर चालेल, बोट चुकली तर नाही. उतरताना बोटीची वेळ विचारा आणि मनगटावरच्या साध्या घड्याळात लावून ठेवा.

टेबल आणि वाढणारे ठरलेले असणं, हा दोन्ही पंगतींचा खरा फायदा आहे. विशेषतः शाकाहारी घरांना. पहिल्या रात्री एकदा नीट सांगितलं की रोज सांगावं लागत नाही. पण नीट सांगा. नुसतं ‘व्हेज’ म्हणू नका, त्यात अंडं चालतं असं अनेकांना वाटतं. अंडं नाही, मासा नाही, माशाचा सॉस नाही, गोडात जिलेटिन नाही. कांदा-लसूण चालत नसेल तर तेही. जैन जेवण हवं असेल तर बुकिंग करतानाच कळवा, निघताना पुन्हा एकदा विचारा. बहुतेक ठिकाणी मुख्य वेटर आज रात्री उद्याचं विचारून ठेवतो. वरण-भात, भाजी मागायला लाजू नका. ‘हवं तेव्हा या’ घेतलंत तर रोज नवा माणूस आणि रोज नवी गोष्ट. शिवाय सातच्या सुमाराला दाराशी रांग. आईला गुडघ्याचा त्रास असेल तर ते नकोच.

दोन-तीन कुटुंबं मिळून जात असाल, तर सगळ्यांचे बुकिंग नंबर एकमेकांना जोडून घ्या. ‘आम्ही एकत्र आहोत, एकच पंगत, जवळची टेबलं’ असं लेखी कळवा. नाहीतर एक भाऊ सहाला जेवतो, दुसरा साडेआठला, आणि सगळी सहल लिफ्टमध्ये भेटण्यात जाते.

हवी ती पंगत भरली असेल तर प्रतीक्षा यादीत नाव घाला. बोटीवर चढलात की बुफेकडे न जाता आधी डायनिंग रूमच्या प्रमुखाला गाठा. पहिल्या दुपारी तो बसलेला असतो आणि बदल करतो. कारण सांगा: लहान मूल आहे, आईला इन्सुलिन आहे. शांतपणे सांगा. रात्री जेवणाच्या गर्दीत विचारलंत तर तोही हतबल असतो.

त्या पहिल्या दिवशी मोठ्या बॅगा खोलीत यायला संध्याकाळ होते. गोळ्या, चष्मा, मुलांचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. पहिली पंगत असेल तर बॅग येण्याआधीच जेवायला बसावं लागू शकतं.

आणि शेवटची रात्र. बॅगा भरून रात्रीच खोलीबाहेर ठेवायच्या असतात. दुसऱ्या पंगतीवाल्यांना जेवून यायला दहा वाजतात, मग घाई होते. म्हणून जेवायला जाण्याआधीच बॅगा भरून ठेवा. पासपोर्ट, औषधं आणि प्रत्येकाचा सकाळचा एक-एक जोड बाहेर काढला का, ते मोजून बघा. चपलाही.