एक पातेले, एक फडके आणि रानातली कॉफी

आपल्या सीमाभागातल्या कितीतरी घरांत चहा आणि कॉफी एकाच ओट्यावर नांदतात. सासरची मंडळी चहावाली, सूनबाई शिमोग्याकडची किंवा म्हैसूरकडची. तिला सकाळी कॉफीच लागते. कुठे अज्जी कॉफीची आणि नातवंडे चहाची. घरात दोन भांडी चढतात, कुणाचे काही अडत नाही. अडते ते सहलीला निघाल्यावर. आंबोलीला, जांबोटीच्या बाजूला किंवा दांडेलीला तंबूत मुक्काम ठरला की चहाची पूड, साखर, आले आठवणीने पिशवीत जाते. कॉफीवाल्या माणसाने मात्र "राहू दे, दोन दिवसांचा तर प्रश्न" म्हणायचे, अशी आपल्याकडची रीत.

हा प्रश्न नुसत्या आवडीचा नाही. रोज कॉफी पिणाऱ्याची कॉफी एकदम बंद झाली की साधारण बारा ते चोवीस तासांत डोके धरते आणि चिडचिड होते. म्हणजे नेमके दुसऱ्या दिवशी सकाळी. सगळे सूर्योदय पाहायला निघतात आणि ज्या बाईने आदल्या रात्री सगळ्यांना वाढले, ती कपाळाला बाम लावून तंबूत पडून राहते. चहाने थोडा उतार पडतो, पण कॉफीतले कॅफीन चहाच्या मानाने बरेच जास्त असते. तेव्हा तिची कॉफी हा लाड नाही, सहलीच्या सामानातली एक गरज आहे, असे धरून चला.

"पण तिथे फिल्टर कुठे न्यायचा?" असे विचाराल तर फिल्टर नकोच. स्टीलचा फिल्टर घरोघरी येण्याआधी अनेक घरांतली कॉफी फडक्यानेच गाळली जायची. घरातल्या जुन्या बायकांना विचारा, त्यांना ही पद्धत ठाऊक असेल. उघड्या माळावर तीच सर्वांत सोपी पडते. फिल्टरमधून डिकॉक्शन थेंब थेंब उतरायला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि तेवढ्यात वाऱ्याने ते गार होते. फडक्याची कॉफी पाच मिनिटांत तयार.

आधी पूड. कर्नाटकात कॉफीला तोटा नाही. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी आपल्या या राज्यातच पिकते. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात मोखाहून सात बिया आणून चिकमगळूरच्या चंद्रद्रोण डोंगरात लावल्या, ही कथा आपल्या घरांतल्या मुलांनाही माहीत असते. दुकानात पूड समोर दळून देत असतील तर फिल्टरसाठी देतात तशी बारीक न घेता रव्यासारखी जाडसर मागा. बारीक पूड फडक्यातून खाली उतरते आणि घोटाबरोबर तोंडात येते. चिकोरीचे प्रमाणही पाकिटावर वाचा. कायद्याप्रमाणे मिश्रणात 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. तिच्यामुळे रंग आणि दाटपणा येतो, पण तिच्यात कॅफीन नसते. शिवाय चिकोरी जास्त असली की डिकॉक्शन फडक्यातून चटकन उतरत नाही. रानात नेण्यासाठी शुद्ध कॉफी किंवा अगदी थोडी चिकोरी असलेली बरी.

फडके मलमलचे, दुहेरी घडीचे. नवे असेल तर साध्या पाण्यात उकळून खळ काढून टाका. साबण किंवा धुण्याची पावडर मात्र लावू नका, तो वास पहिल्या घोटालाच कळतो.

आता प्रमाण. चार माणसांच्या दुधाच्या कॉफीला 400 मिलि पाणी आणि 40 ग्रॅम पूड. आमटीच्या मोठ्या चमच्याने सपाट सात-आठ चमचे होतात. एका वेळची पूड घरीच मोजून छोट्या पिशव्या बांधून न्या, म्हणजे अंधारात चमचे मोजत बसावे लागणार नाही. पूड थोडे पाणी पिऊन घेते, त्यामुळे हाती सव्वातीनशे मिलिच्या आसपास डिकॉक्शन येते. त्यात जवळजवळ तेवढेच गरम दूध घातले की चार कप भरतात.

कृती अशी. पाणी चांगले खळखळू द्या. ओढ्याचे किंवा विहिरीचे असेल तर एक मिनिटभर उकळलेच पाहिजे. मग पातेले खाली उतरवा, अर्धा मिनिट थांबा, पूड घाला, एकदा ढवळा आणि झाकण ठेवा. चार मिनिटे हात लावू नका. झाकण काढून वरून चमचाभर गार पाणी शिंपडा, तरंगणारी पूड खाली बसते. दोघांनी फडक्याची टोके धरावीत, तिसऱ्याने हलक्या हाताने ओतावे. फडके पिळू नका. पूड घालून पाणी उकळत ठेवणे ही चहाची सवय. कॉफी त्याने कडू होते.

अर्धा मिनिट थांबायचे कारण असे की कॉफीला 92 ते 96 अंशांचे पाणी मानवते. जितके उंच जाल तितके पाणी कमी तापमानाला उकळते, साधारण तीनशे मीटरला एक अंश. गोव्याच्या किनाऱ्यावर ते 100 अंशांना उकळते, तिथे मिनिटभर थांबा. बेळगाव साडेसातशे मीटरच्या आसपास, इथे साडेसत्त्याण्णवला. चिकमगळूरजवळचा मुळ्ळय्यनगिरी सुमारे 1,930 मीटर उंच आहे. तेवढ्या उंचीवर पाणी साडेत्र्याण्णवलाच उकळते, तिथे थांबायला नकोच.

दुधासाठी फ्रिजशिवाय टिकणारे, न उघडलेले पाकीट सोयीचे. उघडले की त्याच वेळी संपवायचे. दुधाची पावडर असेल तर आधी कोमट पाण्यात कालवा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. आणि दूध नसेलच तर मलनाडातली बेल्लद काफी करा. कोऱ्या कॉफीत आपला गूळ. थंडीत ती दुधाच्या कॉफीपेक्षा सरस लागते. गूळ आणि दूध मात्र एकत्र नको, दूध फाटण्याची भीती असते.

शेवटी विस्तवाचे. तीन दगडांची चूल फोटोत छान दिसते, पण राखीव जंगलात विस्तव पेटवणे हा वनकायद्याने गुन्हा आहे. खानापूर तालुक्यातले भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे. अशा ठिकाणी वनखात्याच्या परवानगीवाचून मुक्कामही करता येत नाही. फेब्रुवारी ते मे पालापाचोळा वाळून कोळ झालेला असतो. एक ठिणगी आणि वारा, एवढ्यावर डोंगर जळतो. पक्ष्यांची घरटी, गवतातली पिल्ले, जवळच्या वाडीचा चारा, सगळेच त्यात जाते. परवानगीच्या जागी, पाला झाडून, छोट्या गॅसच्या शेगडीवर कॉफी करा. शेगडी तंबूच्या आत कधीही पेटवू नका, विषारी वायू साचतो. वाऱ्याला आडोसा धरताना गॅसची डबी चारी बाजूंनी बंद करू नका, ती तापते.

उन्हाळ्यात तर विस्तवाशिवायही कॉफी होते. घरून आणलेल्या पिण्याच्या एक लिटर पाण्यात 80 ग्रॅम जाडसर पूड रात्री झोपताना घाला, बाटली हलवा आणि सावलीत ठेवा. सकाळी फडक्याने गाळा. ही गार कॉफी कमी कडू आणि मऊ लागते. उरलेला चोथा रानात न टाकता पिशवीतून परत आणा आणि वाळवून कुंडीत घाला.

निघण्याआधी एका रविवारी गच्चीवर हा प्रयोग करून पाहा. फडके धरायला घरातल्या चहावाल्यांना बसवा. एकदा हात बसला की पुढच्या सहलीच्या यादीत चहाच्या पुडीशेजारी कॉफीची पिशवीही लिहून टाका.